नोटगेल्टवरील चित्र आणि बोली : एक चिकित्सा

जर्मन भाषेत ‘नोट’ या शब्दाचा अर्थ निकड, अडचण, आपत्ती असा आहे. आपण कागदी चलनाला ज्या शब्दाने ओळखतो तो ‘नोट’ इंग्रजीच्या वाटेने आलेला असून त्याचा या जर्मन शब्दाशी व्युत्पत्तीचा काहीही संबंध नाही. तरीसुद्धा ‘नोटगेल्ट’ हा शब्द मराठी वाचकाच्या कानी प्रथम पडतो तेव्हा तो ‘नोटेचा पैसा’ असाच अर्थ लावून मोकळा होतो, आणि गंमत अशी की वस्तुतः तो फारसा चुकलेला नसतो. ‘आपद्धर्म’ या शब्दाच्या धर्तीवर ‘आपद्धन’ असे म्हटले तर मूळ अर्थ मराठीत नेमका उतरतो. प्रस्तुत लेखात मात्र जर्मन शब्दच ठेवला आहे. कारण या वस्तूचा विचार करताना आपत्ती केव्हा संपली आणि केवळ धन केव्हा उरले, हाच मुख्य प्रश्न आहे.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू होताच जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेने नोटांच्या बदल्यात सोने देणे थांबविले. लोकांनी सोन्यापाठोपाठ चांदीची नाणीही घरात दडवून ठेवली. पुढे तांबे व निकेल या धातूंची युद्धसाहित्यासाठी गरज भासू लागली आणि त्यांची नाणीही व्यवहारातून निघून गेली. सुट्या पैशांवाचून बाजार अडला. अशा वेळी गावोगावच्या नगरपालिका, बचत बँका, कारखाने आणि व्यापारी संस्था यांनी स्वतःच्या जबाबदारीवर लहान रकमेचे कागद छापून काढले. हेच नोटगेल्ट. आरंभीचे हे कागद अगदी रुक्ष आहेत. त्यांवर रक्कम, गावाची मुद्रा, एखादी सही आणि अमुक तारखेपर्यंत बदलून मिळेल एवढा मजकूर, याखेरीज काही नाही. ज्याला आपत्ती म्हणतात ती या कागदांत खरोखर आहे.

युद्ध संपल्यावर हे चलन बंद पडावयास हवे होते. ते बंद न पडता रंगीत झाले. १९२० च्या सुमारास, आणि विशेषतः १९२१-२२ या काळात, शेकडो गावांनी चार, सहा, बारा नोटांच्या मालिका काढल्या. त्यांवर वेशी, किल्ले, नगरभवने, संत, दरोडेखोर, भुते, लोककथा आणि वेढ्यांच्या आठवणी चितारलेल्या आहेत. आज ज्या नोटा संग्रहालयांत मांडलेल्या दिसतात त्यांपैकी बहुसंख्य याच काळातील होत. या सामग्रीची पद्धतशीर सूची करण्याचे कष्ट डॉ. आर्नोल्ड केलर यांनी आयुष्यभर घेतले, आणि त्यांच्या कामावाचून या अफाट पसाऱ्यात कोणालाही वाट सापडली नसती.

या मालिकांविषयी एक मत रूढ झाले आहे. ते असे की, पराभूत राष्ट्रातील लहान गावांनी मध्यवर्ती सत्तेचा आधार सुटल्यावर आपला स्वतःचा इतिहास व आपली लोककला चलनावर उमटविली, आणि म्हणून नोटगेल्ट हा ग्रामीण अस्मितेचा उत्स्फूर्त आविष्कार होय. हे मत आकर्षक आहे. परंतु या नोटांचा व्यवहार कसा चालत असे हे पाहिले की ते जसेच्या तसे स्वीकारता येत नाही.

पन्नास फेनिगची नोट छापावयास काही फेनिगांचा खर्च येई. ती नोट कोणी बदलून घेण्यास परत आणली तर नगरपालिकेला पन्नास फेनिग द्यावे लागत. परत आणली नाही तर दर्शनी किमतीतून छपाईखर्च वजा जाता उरलेली सर्व रक्कम नगरपालिकेच्या पदरात पडे. नोट परत येऊ नये यासाठी ती इतकी सुंदर करावयाची की घेणाऱ्याला ती मोडवू नये, हा सरळ हिशेब होता. संग्राहकांची संख्या वाढली तसे व्यापारी मध्ये पडले, पूर्ण संच पाकिटांत घालून विकले जाऊ लागले, आणि पुष्कळ नोटांची मुदत अशी ठेवलेली असे की संच ग्राहकाच्या हाती पडेपर्यंत ती संपलेली असावी किंवा संपत आलेली असावी. अशा नोटेने कोणी पाव विकत घेतला नाही. जुलै १९२२ मध्ये कायद्याने या प्रकाराला बंदी झाली. पुढे १९२३ च्या महाचलनवाढीत पुन्हा खरी निकड उत्पन्न झाली, पुन्हा गावांनी नोटा काढल्या. पण तेव्हा चित्रांना वेळ नव्हता. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात रेंटनमार्क आला तेव्हा एका रेंटनमार्कला एक लाख कोटी कागदी मार्क असा भाव ठरला.

तेव्हा प्रथम हे मान्य केले पाहिजे की चित्रमय नोटगेल्ट गावाने गावासाठी काढलेले नव्हते. गावाने ते परक्यासाठी काढले होते. आणि परक्याला आपले गाव दाखवावयाचे म्हटले की गावातील माणूस काय निवडतो, हे आपण कोल्हापूरच्या लोकांनी कोणाकडून शिकावयास नको. पाहुण्याला आपण रंकाळा, अंबाबाईचे देऊळ आणि पन्हाळा दाखवितो. गूळ आणि चपला देऊन निरोप देतो. यात खोटे काही नाही. मात्र त्यातून गंगावेशीतल्या माणसाचे जगणे पाहुण्याला कळते असा दावा कोणी करू नये.

हामेल्न गावाचे उदाहरण पाहावे. त्या गावाच्या नोटांवर उंदीर पकडणारा बासरीवाला आला नसता तरच नवल. २६ जून १२८४ रोजी १३० मुले गावातून नाहीशी झाली, ही परंपरा जुनी आहे, आणि ती मुले कोठे गेली याविषयी विद्वानांत आजही एकमत नाही. कोणी पूर्वेकडील नव्या वसाहतींकडे बोट दाखवितो, कोणी रोगराईकडे. गावाच्या स्मृतीतील ही एक उघडी जखम होय. नोटेवर मात्र तिची उत्तम सजावट झालेली आहे. पाहणाऱ्याला जे आधीच ठाऊक आहे तेच त्याला परत दिले आहे.

नाउम्बुर्गच्या मालिकेची योग्यता याहून पुष्कळ अधिक आहे. वाल्टर हेगे या तरुण कलावंताने काळ्या छायाकृतींत ती मालिका रचली. हाच हेगे पुढे नाउम्बुर्गच्या कॅथीड्रलमधील शिल्पांचा छायाचित्रकार म्हणून नावारूपास आला. विषय आहे गावातील चेरी-उत्सवाची कथा. १४३२ मध्ये हुसपंथी सैन्याने गावाला वेढा घातला, एका शिक्षकाच्या सल्ल्याने गावातील मुलांना शत्रूपुढे दयायाचनेसाठी पाठविले, सेनापतीचे मन द्रवले, त्याने मुलांना चेरीची फळे दिली आणि वेढा उठविला. आता इतिहास असा की १४३२ मध्ये असा वेढा पडल्याला आधारच नाही. एकोणिसाव्या शतकात रचलेल्या एका गाण्याने ही कथा घराघरांत नेली. म्हणजे ज्याला आपण ‘स्थानिक इतिहास’ म्हणतो तो येथे अवघ्या एका गाण्यातून आला आहे. परंतु हेगेच्या रेषेचे बळ असे की तिला इतिहासाच्या साक्षीची गरज भासत नाही. छायाकृतीत मुख नसते, केवळ आकार असतो. ती मुले कोणत्याही गावाची असू शकतात. युद्ध संपून दोन-तीन वर्षेच झालेली असताना, नाकेबंदीच्या काळातील उपासमार पाहिलेल्या लोकांपुढे, शत्रूसमोर हात जोडून उभ्या असलेल्या मुलांचा आकार ठेवणे ही साधी गोष्ट नव्हे. नोटगेल्टमधील पाच-सात खऱ्या कलाकृती काढावयाच्या झाल्या तर मी या मालिकेला त्यांत नि:संशय स्थान देईन.

बीलेफेल्ड येथील बचत बँकेने रेशमावर, तागाच्या कापडावर आणि मखमलीवर नोटा छापल्या. ते तागविणकरांचे गाव असल्यामुळे कापड हेच त्यांचे स्थानिक वैशिष्ट्य, आणि चित्राने गावाविषयी सांगण्याऐवजी खुद्द चलनाचा पदार्थच गावाचा असावा ही कल्पना बुद्धिमान होती यात शंका नाही. परंतु त्या नोटांची मजकुराने व नक्षीने भरलेली दाटी पाहून माझ्यासारख्याला थोडा गुदमरल्याचा अनुभव येतो. याच्या अगदी उलट टोकाला हर्बर्ट बायर या बाउहाउसच्या विद्यार्थ्याने १९२३ मध्ये थुरिंगियाच्या राज्य बँकेसाठी केलेल्या दशलक्षांच्या नोटा उभ्या आहेत. जाड, सरळ अक्षरे आणि आकडे. वेस नाही, संत नाही, दंतकथा नाही. निकड परत आली तेव्हा इतिहास गळून पडला आणि केवळ अक्षर उरले, एवढे त्यावरून दिसते.

अक्षराचा विषय निघालाच आहे, तर भाषेच्या अभ्यासकाने चित्र सोडून मजकुराकडे वळणे क्रमप्राप्त ठरते. या दृष्टीने सर्वांत मोलाची सामग्री उत्तरेकडील मेक्लेनबुर्ग प्रांतात मिळते. १९२१-२२ मध्ये त्या प्रांतातील सत्तर गावांनी एकत्र येऊन, प्रत्येकी १०, २५ व ५० फेनिग अशा तीन नोटांची एक मोठी मालिका काढली. तिला ‘रॉयटरगेल्ट’ म्हणतात. फ्रिट्स रॉयटर (१८१०-१८७४) हा त्या प्रांताचा लेखक. विद्यार्थिदशेत राजकीय चळवळीत सापडून त्याला मृत्युदंडाची शिक्षा झाली, ती बदलून दीर्घ कारावास मिळाला, आणि सुटल्यावर त्याने तुरुंगाच्या आठवणींपासून शेतावरील जीवनापर्यंत सर्व काही निम्न जर्मन बोलीत लिहिले. त्याच्याच नावाने ही मालिका ओळखली जाते आणि तिच्या नोटांवर निम्न जर्मन मजकूर आहे.

‘निम्न’ हे विशेषण येथे प्रतिष्ठेचे निदर्शक नसून भूगोलाचे आहे. सखल प्रदेशाची भाषा ती निम्न जर्मन. दक्षिणेकडील उच्च जर्मनमध्ये जो व्यंजनबदल घडून आला तो हिच्यात घडला नाही. प्रमाण जर्मनमध्ये ‘वासर’ (पाणी), ‘माखन’ (करणे), ‘आप्फेल’ (सफरचंद) असे म्हणतात. निम्न जर्मनमध्ये ‘वाटर’, ‘माकन’, ‘आपेल’. विद्यार्थ्यांना ही उदाहरणे परिचित आहेतच. ही भाषा एके काळी बाल्टिक समुद्राकाठच्या हान्सा व्यापारी संघाची व्यवहारभाषा होती. करारपत्रे, हिशेब, तह तिच्यात होत. सोळाव्या-सतराव्या शतकांत प्रमाण जर्मनने तिला कचेरीतून आणि चर्चमधून हुसकावून लावले, आणि ती घर, शेत व बंदर एवढ्यापुरती उरली. म्हणजे रॉयटरगेल्टमध्ये एक विलक्षण घटना घडलेली आहे. जी भाषा तीनशे वर्षांपूर्वी पैशाच्या व्यवहारातून बाहेर पडली होती ती पुन्हा पैशावर येऊन बसली.

माझ्या मते नोटगेल्टवरील स्थानिक इतिहास जर कोठे खरा असेल तर तो येथे आहे. चित्र परक्याला उद्देशून असते. बोलीतील वाक्य मात्र परक्याला नीट वाचताही येत नाही. बर्लिनच्या संग्राहकाने ती नोट वहीत लावली तरी तिच्यातील थट्टा त्याला अर्धीच कळली असणार. गावाने स्वतःसाठी राखून ठेवलेले असे काही या एकाच ठिकाणी शिल्लक राहिले.

तथापि येथेही सावध राहावयास हवे. ही सत्तर गावे. परंतु सत्तर गावांची बोली एकच कशी असेल? नोटांवर जी निम्न जर्मन दिसते तिचे वळण रॉयटरच्या ग्रंथांनी रूढ केलेले, साहित्यिक आणि छापील आहे. बंदरातील खलाशी आणि आतल्या भागातील शेतमजूर यांच्या बोलण्यातील भेद तिच्यात बुजून गेले. म्हणजे प्रमाणभाषेच्या विरोधात उभी राहिलेली बोली चलनावर येताच स्वतःच एक लहानसे प्रमाण बनली. शिवाय त्या बोलीने नोटेवर जे कार्य करावयाचे ते विनोदाचे. रकमेचा, मुदतीचा, जबाबदारीचा मजकूर प्रमाण जर्मनमध्येच राहिला. जेथे भाषा बंधनकारक होते तेथे बोलीला प्रवेश नव्हता. आपल्या ग्रामीण कादंबऱ्यांत निवेदन प्रमाण मराठीत आणि संवाद तेवढे बोलीत असत, त्या श्रमविभागाची येथे आठवण होते. निम्न जर्मनला युरोपीय सनदेखाली प्रादेशिक भाषा म्हणून औपचारिक संरक्षण मिळाले ते १९९९ मध्ये. तोवर ती बोलणाऱ्यांची संख्या पुष्कळच घटली होती.

बोलीच्या या प्रेमाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण संग्राहकांच्या पुस्तकांत ती बहुधा तळटीपेत जाते. गावाचा इतिहास कोणी लिहावयाचा आणि गावात कोणाला मोजावयाचे, हे प्रश्न नोटांवरही सुटलेले नाहीत. काही नोटांवर ज्यू सावकाराची विद्रूप चित्रे आहेत, आणि १९२३ नंतर मूल्यहीन झालेल्या नोटांवर ज्यूद्वेषी घोषणा छापून त्या वाटल्या गेल्या. जे रंग, जी लोकप्रिय शैली, जी घरगुती थट्टा आपण कौतुकाने पाहतो, तिच्याच कुशीत हे विष होते. पुढील दशकात काय झाले ते ठाऊक असलेल्या वाचकाला नोटगेल्ट निरागस म्हणून पाहता येत नाही.

भाषेचा निर्णय खरोखर निकडीचा होता असे एक उदाहरण मात्र सापडते; ते स्लेस्विगचे. जर्मनी व डेन्मार्क यांच्या सीमेवरील या प्रदेशाने कोणत्या देशात राहावयाचे हे १९२० च्या फेब्रुवारी व मार्चमध्ये सार्वमताने ठरले. त्या काळातील तेथील गावांच्या नोटांवर सार्वमताचे पडसाद आहेत. काहींवर जर्मन आणि डॅनिश अशा दोन्ही भाषा आहेत. कलेच्या दृष्टीने यांत पाहण्यासारखे थोडेच. परंतु कोणती भाषा वर आणि कोणती खाली, गावाचे नाव ‘टोंडर्न’ असे लिहावयाचे की ‘टोंडर’ असे, यावर येथे माणसांचे नागरिकत्व टांगलेले होते. उत्तर विभागातील मते एकत्र मोजावयाची असा नियम होता. त्यामुळे टोंडर्न शहरात बहुमत जर्मनीच्या बाजूने पडूनही ते शहर विभागाबरोबर डेन्मार्कमध्ये गेले. दक्षिण विभागात मात्र मोजणीचा घटक गाव हा धरला होता. ‘खेडे हा घटक’ या सूत्रासाठी १९५६ पासून बेळगाव-कारवार-निपाणीच्या प्रश्नात आपल्या बाजूने जो आग्रह धरला गेला, तो ज्यांच्या घरात बोलला गेला आहे अशा कोल्हापुरातील वाचकाला या नोटा अधिक समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

आपल्याकडेही त्याच महायुद्धाने चांदीची टंचाई निर्माण केली, आणि कागद आला. ब्रिटिश सरकारने १९१७ मध्ये एक रुपयाची नोट काढली. तिच्यावर चित्र कशाचे, तर चांदीच्या रुपयाचेच! जे नाणे देता येत नव्हते त्याची तसबीर लोकांच्या हाती दिली. दुसऱ्या महायुद्धात सुटे पैसे पुन्हा दुर्मिळ झाले तेव्हा सौराष्ट्रातील मोरवी, जुनागढ, नवानगर यांसारख्या संस्थानांनी पुठ्ठ्याचे व कागदाचे लहान तुकडे काढले. त्यांवर राजचिन्हे होती, गावाची गोष्ट नव्हती. मराठी भाषेच्या दृष्टीने सर्वांत लक्षणीय उदाहरण निजामाच्या राज्याचे आहे. १९१८ च्या चलन कायद्यान्वये निघालेल्या उस्मानिया नोटांवर उर्दूच्या जोडीला इंग्रजी, मराठी, तेलुगू व कन्नड या भाषा होत्या. मराठवाड्यातील माणसाला त्याच्या भाषेत शाळा आणि कचेरी मिळण्यास अवकाश होता. नोटेवरची रक्कम मात्र त्याला मराठीत मिळाली. एवढी एकच ओळ. ती काही सांगत नाही, केवळ मोजते.

भारतीय चलनावरील भाषेचे हेच स्वरूप राहिले आहे. तिला आकड्याचा अनुवाद करावयाचा असतो. त्यातही व्याकरणाचे प्रश्न उठतातच. हिंदीत ‘रुपया’चे अनेकवचन नोटेवर कसे लिहावे याविषयी वाद झाला, आणि १९५० च्या दशकात तो ‘रुपये’ या रूपाच्या बाजूने मिटला. त्याहून मागे जावयाचे तर शिवराईकडे जावे. ‘श्री राजा शिव’ व ‘छत्रपति’ ही अक्षरे त्या तांब्याच्या नाण्यांवर किती परींनी उमटली आहेत! कोठे ‘सिव’, कोठे दीर्घ ‘ती’, कोठे ‘छत्रपत’. टाकसाळीतल्या ठसा कोरणाऱ्याच्या हातून ही रूपे घडली. नाणकशास्त्रज्ञ त्यांना अशुद्ध पाठ म्हणून वर्गीकृत करतात. परंतु मेक्लेनबुर्गच्या नगरपालिकांनी ठरवून, समिती बसवून जे केले, ते आपल्या अनाम कारागिराने न ठरविता केले होते, असेही म्हणता येईल. ठसा कोरताना कित्येकदा तो ऐकत होता तसे लिहीत होता.

आजच्या दहा रुपयांच्या नोटेच्या मागील बाजूस पंधरा भाषांची पट्टी आहे. गेल्या सत्रात बोलीविज्ञानाच्या तासाला मी ती नोट वर्गात फिरविली आणि देवनागरीतील ओळी मोठ्याने वाचावयास सांगितल्या. मराठीच्या ओळीत ‘दहा रुपये’ आहे, कोकणीच्या ओळीत ‘धा रुपया’. राधानगरीकडील एका विद्यार्थिनीने दोन्ही ओळी वाचल्या, क्षणभर थांबली, आणि म्हणाली, “सर, आमच्या घरात तर ‘धा’च म्हणतात. मग आमची ओळ कोणती?” वर्ग हसला. मी तिला दोन्ही ओळी फळ्यावर लिहावयास सांगितल्या, आणि उरलेला तास त्या एका हकारावर गेला.